साखळीचा हुकूम, बटणाचा अर्ज

आगगाडीच्या डब्यातील साखळी ओढण्याचा अधिकार हा सामान्य उतारूच्या वाट्याला आलेल्या मोजक्या राजसत्तांपैकी एक होय, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. कारण एरवी ज्या अवाढव्य कारभारात त्याची गणना एका तिकिटापलीकडे होत नाही, तो सारा कारभार तो कोणाचीही परवानगी न घेता, मनगटाच्या एका हिसक्यासरशी जागच्या जागी उभा करू शकतो. साखळी ओढली की गाडीच्या संपूर्ण लांबीतून गेलेल्या ब्रेकच्या नळीचे एक तोंड उघडते, नळीतील दाब बिघडतो आणि चाकांवर ब्रेक चढू लागतात. चालकाला या घटनेची वर्दी मिळते ती बऱ्याच अंशी ती घडून चुकल्यानंतर. हा अधिकार सहजासहजी मिळालेला नाही. १८६४ साली लंडनच्या एका उपनगरी गाडीच्या बंद डब्यात टॉमस ब्रिग्ज नावाच्या एका वृद्ध बँक-अधिकाऱ्याचा खून झाला, आणि धावत्या डब्यातील माणसाला आपला आक्रोश गाडी चालविणाऱ्यापर्यंत पोचविण्याचे कोणतेच साधन नाही या जाणिवेने इंग्लंडचे लोकमत इतके प्रक्षुब्ध झाले, की चारच वर्षांनी, १८६८ च्या कायद्याने, लांब पल्ल्याच्या गाड्यांत असे साधन ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक करण्यात आले. आपल्याकडे १८९० च्या रेल्वे कायद्याने विनाकारण साखळी ओढणाऱ्यास पन्नास रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. १९८९ च्या चालू कायद्यातील १४१ व्या कलमान्वये हीच शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही अशी आहे. तेव्हाचे पन्नास आणि आजचे हजार यांत अधिक जरब कशाची होती, याचा निर्णय वाचकांवरच सोपविलेला बरा.

ज्या पिढीच्या मनात गाडीविषयीची कल्पना या साखळीने घडविली आहे, ती पिढी आता मेट्रोच्या डब्यात शिरते आणि दरवाजाशेजारी एक लाल बटण पाहते. तिची स्वाभाविक समजूत अशी होते की, ही साखळीचीच सुधारलेली आवृत्ती असावी; हात वर करण्याचे श्रम वाचले एवढेच. वस्तुतः दोहोंत मूलभूत भेद आहे. जगातील बहुतेक भुयारी मेट्रोंत हे बटण दाबल्याने, गाडी दोन स्थानकांच्या मध्ये असताना, गाडी थांबत नाही. चालकाकडे, किंवा चालक नसेल तर नियंत्रण कक्षाकडे, एक सूचना जाते, त्या डब्यातील कॅमेऱ्याचे चित्र तेथील पडद्यावर उघडते, बोलण्याची वाट मोकळी होते. आणि गाडी पुढच्या स्थानकाच्या दिशेने आपली धाव चालू ठेवते. साखळी हा हुकूम होता. बटण हा अर्ज आहे. त्या अर्जावर काय तजवीज करावयाची, याचा शेरा कोणीतरी दुसरा मारतो, आणि तो शेरा पुष्कळदा कित्येक वर्षे आधी, यंत्रणेचे नियम लिहिणाऱ्या अभियंत्याने मारून ठेवलेला असतो. हे योग्यच आहे असे माझे मत आहे. मात्र ज्याच्याकडून हुकुमाचा अधिकार काढून घेऊन अर्जाचा हक्क त्याच्या हाती ठेवला, त्याला या अदलाबदलीची खबरही दिलेली नाही. आणि माझी तक्रार आहे ती एवढ्याच बाबतीत.

अधिकार का काढून घ्यावा लागला, याचे उत्तर जपानच्या एका बोगद्यात आहे. फुकुई प्रांतातील होकुरिकू बोगदा जवळजवळ चौदा किलोमीटर लांबीचा. १९६९ च्या डिसेंबरात एका शयनयान गाडीला या बोगद्यात आग लागली. आग दिसताच गाडी तत्काळ थांबवावी, असा त्या काळचा जपानी राष्ट्रीय रेल्वेचा लेखी नियम होता. परंतु धुराने कोंदणाऱ्या बोगद्यात शेकडो माणसे उतरविणे म्हणजे काय, याची कल्पना चालकाला असावी. त्याने नियम बाजूस सारून गाडी बोगद्याबाहेर काढली, आग विझविली गेली आणि जीवितहानी टळली. या प्रसंगावधानाबद्दल त्याला काय मिळाले? नियमभंगाबद्दल शिक्षा! दफ्तराच्या दृष्टीने हिशेब चोख होता: नियम होता, तो मोडला गेला, मोडणारा हजर होता. पुढे १९७२ च्या ६ नोव्हेंबरला, मध्यरात्र उलटल्यावर, त्याच बोगद्यात ‘कितागुनी’ नावाच्या दुसऱ्या एका गाडीच्या भोजनयानाने पेट घेतला. या खेपेस चालकाने नियम तंतोतंत पाळला. गाडी बोगद्याच्या पोटात थांबली. जळता डबा सोडवून अलग करण्याचा खटाटोप सुरू झाला. तेवढ्यात वीज गेली, आणि गाडीला तेथून हलविण्याचा मार्गच खुंटला. तीस माणसे प्राणास मुकली, ती प्रायः धुराने. त्यानंतर जळत्या गाड्या प्रत्यक्ष धावत्या ठेवून प्रयोग करण्यात आले, नियम फिरविण्यात आला, बोगद्यात थांबू नये, बाहेर पडावे असे ठरले, आणि १९६९ च्या त्या चालकावरील शिक्षा मागे घेण्यात आली. एका माणसाने काही सेकंदांत ओळखलेली गोष्ट शासनाच्या गळी उतरण्यास तीस मृत्यूंची कैफियत लागली.

तरी हा धडा सर्वत्र पोचला नव्हता. १९९५ च्या २८ ऑक्टोबरला अझरबैजानच्या बाकू शहरातील भुयारी रेल्वेत विजेच्या बिघाडाने आग लागली. गाडी उलदूज स्थानक सोडून अवघी दोनएकशे मीटर गेली होती, आणि तेथेच, बोगद्यात, ती उभी राहिली. अधिकृत गणनेप्रमाणे २८९ माणसे गेली. स्थानक मागे हाकेच्या अंतरावर होते, ही गोष्ट त्या आकड्याशेजारी ठेवून वाचावी म्हणजे फलाटाच्या सान्निध्याचे मोल ध्यानात येते.

उघड्या आभाळाखालीदेखील थांबणे नेहमीच हितावह असते असे नाही, याचा दाखला आपल्या महाराष्ट्रातच आहे आणि तो ताजा आहे. २०२५ च्या २२ जानेवारीला जळगाव जिल्ह्यात, माहेजी व परधाडे या स्थानकांच्या दरम्यान, लखनौहून मुंबईकडे येणाऱ्या पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग लागल्याची आवई उठली. कोणी साखळी ओढली. गाडी हुकुमाप्रमाणे थांबली. भेदरलेले उतारू भराभर खाली उड्या टाकून शेजारच्या रुळांवर उतरले, आणि त्याच रुळांवरून येणाऱ्या कर्नाटक एक्सप्रेसखाली बाराहून अधिक माणसे सापडली. पुष्पक एक्सप्रेसमध्ये आग नव्हतीच. साखळी ओढणाऱ्याला दोष देऊन हे प्रकरण बंद करणे सोपे आहे. परंतु त्याने आपल्या समजुतीप्रमाणे जे करावयाचे तेच केले, आणि गाडीनेही तिच्या रचनेप्रमाणे जे करावयाचे तेच केले. दोन्ही वर्तने आपापल्या जागी निर्दोष असून त्यांच्या संयोगाने अनर्थ झाला. शेजारच्या रुळावरून काय येत आहे हे साखळीला ठाऊक नसते, आणि ती ओढणाऱ्यालाही नसते.

येथवर प्रश्न सोपा वाटतो: थांबू नका, पुढच्या फलाटावर चला. पण गाडी फलाट सोडत असतानाचे जे काही क्षण असतात, त्यांत हा सोपेपणा नाहीसा होतो. आणि गंमत अशी की उतारूंचे बटणाकडे हात जाण्याचा संभव याच क्षणी सर्वांत अधिक असतो. दारात कोणाची पिशवी अडकते, आईच्या हातून मूल फलाटावर राहते, थांबलेल्या गाडीखालून जळका वास येऊ लागतो, कोणाला चक्कर येते; हे सारे प्रसंग फलाटाचेच. गाडी नुकती हलली आहे, तिचे तोंड बोगद्यात आहे, शेपूट अजून दिव्यांच्या उजेडात आहे, आणि बटण दाबले गेले. आता काय करावे?

थोडे गणित केल्यावाचून या प्रश्नाची नड कळणार नाही. मुंबईच्या भुयारी मेट्रोची आठ डब्यांची गाडी सुमारे १८० मीटर लांब असते. मेट्रो गाडी दर सेकंदाला आपला वेग सेकंदास एक मीटर या मानाने वाढविते असे धरू; म्हणजे दहाव्या सेकंदास ती ताशी ३६ किलोमीटर वेगाने जात असते आणि पन्नास मीटर पुढे सरकलेली असते. त्या क्षणी जोराचा ब्रेक लागला तरी थांबेपर्यंत ती आणखी चाळीसएक मीटर जाईल. म्हणजे निम्मी गाडी बोगद्यात आणि निम्मी फलाटावर अशी तिची अवस्था होईल. चौदाव्या सेकंदास बटण दाबले गेले, तर थांबता थांबता तिचा शेवटचा दरवाजाही फलाटाच्या हद्दीबाहेर गेलेला असेल. तात्पर्य, दारे बंद झाल्यापासून जेमतेम पंधरा सेकंदांचा असा अवधी असतो की ज्यात थांबण्याला काही अर्थ आहे. त्यानंतर थांबणे म्हणजे फलाट डोळ्यांदेखत असून माणसांना बोगद्यात कोंडणे होय. आणि या पंधरा सेकंदांतही पहिल्या चारांत थांबणे व बाराव्यात थांबणे यांत पुष्कळ अंतर आहे.

मनुष्यचालकाने हा निर्णय त्या क्षणी घ्यावा अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे, हे ओळखून युरोपीय संघाने आपल्या मुख्य मार्गांवरील गाड्यांसाठी तो आधीच लिहून ठेवला आहे. त्यांचा शिरस्ता असा: गाडी दोन स्थानकांच्या मध्ये असताना बटण दाबले गेले तर चालकाला दहा सेकंदांची मुदत, तेवढ्यात त्याने पोच दिली तर गाडी चालविणे वा थांबविणे त्याच्या अखत्यारात, न दिली तर ब्रेक आपोआप लागतात. परंतु गाडी फलाटावर उभी असेल किंवा फलाट सोडीत असेल, तर मुदत नाही, विचारणा नाही. ब्रेक थेट लागलेच पाहिजेत आणि गाडी पुरती थांबल्याखेरीज चालकाला तो ब्रेक रद्द करता येत नाही. फलाट सोडणे म्हणजे काय, याचीही व्याख्या त्यांनी केली आहे: दारे बंद होऊन कुलूपबंद झाल्यापासून शेवटचा डबा फलाटाबाहेर पडेपर्यंत. आणि फलाट कोठे संपतो हे गाडीला प्रत्यक्ष कळत नसेल, तर वेग ताशी १५ किलोमीटरच्या आसपास गेला किंवा सुमारे १०० मीटर अंतर कापले, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा फलाट सुटला असे समजावे. म्हणजे एकाच बटणाचा फलाटापाशी हुकूम होतो आणि बोगद्यात अर्ज होतो. रूपांतर होते ते उतारूच्या नकळत, चाकांच्या फेऱ्या मोजणाऱ्या यंत्राच्या साक्षीने. मेट्रोला हा नियम शब्दशः लागू नाही, तथापि त्यामागचा विचार सर्वत्र तोच आहे. भेद एवढाच की मेट्रोचे स्वयंचलित नियंत्रण रुळांमध्ये बसविलेल्या खुणांवरून आणि मोजलेल्या अंतरावरून फलाटाची हद्द बारकाईने जाणते. ताशी पंधरा किलोमीटरच्या ढोबळ अंदाजावर विसंबण्याची त्याला गरज नसते. तेव्हा या पंधरा सेकंदांच्या बाबतीत माणसापेक्षा यंत्राचा निर्णय अधिक भरवशाचा, असे म्हणण्यास मला कसलाही संकोच वाटत नाही.

पण थांबणे म्हणजे काम संपणे नव्हे. लंडनच्या क्लॅपहॅम कॉमन स्थानकात ५ मे २०२३ रोजी, शुक्रवारी सायंकाळच्या गर्दीत, नॉर्दर्न मार्गावरील एक गाडी सुटत असताना उतारूंना धूर व जळका वास जाणवला आणि त्यांनी बटण दाबले. त्या मार्गावर गाड्या स्वयंचलनाने धावतात, पुढे चालक बसलेला असतो. गाडी थांबली, ती काही भाग बोगद्यात आणि उरलेला फलाटावर अशा स्थितीत. म्हणजे नियमाप्रमाणे जे व्हावयास हवे होते ते झाले. आणि त्यानंतर, उतारूंच्या दृष्टीने, काहीच झाले नाही. समोर फलाट दिसत होता, दारे बंद होती, आणि का बंद आहेत हे सांगणारे कोणी नव्हते. काही मिनिटे गेली. लोकांनी खिडक्यांच्या काचा फोडल्या, दोन डब्यांमधल्या दारांतून वाट काढली. गाडीतील पाचएकशे माणसांपैकी शंभरएक माणसे अशा रीतीने आपली आपण बाहेर पडली. सुदैवाने इजा किरकोळ झाल्या. मिनिटे ही घड्याळाच्या हिशेबी थोडीच असतात. पण धुराचा वास नाकात असताना बंद दाराआड ती किती दीर्घ होतात, याचा हिशेब कोणत्याही नियमपुस्तकात आढळत नाही.

दारे लगेच का उघडू नयेत, असे कोणीही विचारील, आणि हा प्रश्न मूर्खपणाचा नाही. गाडी ठरलेल्या खुणेवर, काही सेंटिमीटरांच्या फरकाने, उभी असल्याखेरीज दारे उघडू द्यावयाची नाहीत, ही स्वयंचलित संरक्षणाची अगदी प्राथमिक अट आहे; कारण अर्धी दारे बोगद्याच्या भिंतीकडे, विजेच्या व रुळांच्या अंधारात उघडणार असतात. तेव्हा फलाटावरची दारे तेवढी निवडून उघडावी लागतात आणि हे काम बहुधा माणसाने, जागेवर येऊन, करावयाचे असते. बरे, मागे घ्यावी म्हणावे तर स्वयंचलित गाडीला उलट चालण्याची मोकळीक सहसा नसते, कारण ती निघाली त्याच क्षणापासून तिच्या मागून येणाऱ्या गाडीला पुढे सरकण्याची अनुज्ञा मिळू लागलेली असते. वॉशिंग्टनच्या लान्फाँ प्लाझा स्थानकातून १२ जानेवारी २०१५ रोजी सुटलेली एक गाडी पुढे बोगद्यातच धुराच्या लोटात सापडून थांबली. तिला परत फिरावयाचे होते, पण मागची गाडी दरम्यान फलाटाशी येऊन उभी राहिली होती. धूर डब्यांत शिरत राहिला, एक प्रवासी मृत्युमुखी पडला आणि पुष्कळांना रुग्णालयात न्यावे लागले. गाड्यांमधील अंतर कमी करणे हेच ज्या यंत्रणेचे भूषण, त्या यंत्रणेत माघारीची वाट सर्वांत आधी बंद होते.

मुंबईच्या भुयारी मार्गिकेत यात आणखी एका घटकाची भर पडली आहे, तो म्हणजे फलाटाच्या कडेने उभारलेली काचेची भिंत आणि तिच्यातील सरकती दारे. आरे ते कफ परेड हा सुमारे साडेतेहेतीस किलोमीटरचा आणि सत्तावीस स्थानकांचा मार्ग ऑक्टोबर २०२४ पासून टप्प्याटप्प्याने सुरू होऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्णतः खुला झाला. ज्या शहरात फलाट व गाडी यांमधील फटीत दरवर्षी माणसे सापडतात, तेथे ही भिंत म्हणजे मोठाच उपकार आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु गाडी खुणेपासून पाचपन्नास मीटर पुढे जाऊन थांबली, की गाडीचे दार आणि भिंतीचे दार एकमेकांसमोर राहत नाहीत. अशा वेळेसाठी भिंतीत आतून, म्हणजे रुळांच्या बाजूने, ढकलून उघडता येणारी संकटकालीन दारे ठेवण्याची पद्धत आहे. ती कोठे असतात, किती अंतरावर असतात आणि गाडीतील माणसाने तेथवर पोचण्यासाठी प्रथम काय उघडावयाचे असते, हे किती उतारूंना ठाऊक आहे? मला तरी असा एकही स्नेही आठवत नाही, आणि माझे स्नेही वर्तमानपत्रे वाचणारे आहेत.

आता, ‘पुढच्या फलाटावर चला’ या तत्त्वालाही एक अपवाद आहे, आणि तो विसरला तर यंत्रावरील विश्वास अंधश्रद्धेत जमा होईल. दक्षिण कोरियातील देगू शहराच्या भुयारी रेल्वेत १८ फेब्रुवारी २००३ रोजी एका माथेफिरूने गाडी पेटविली. ती गाडी जुंगान्नो स्थानकात उभी होती, दारे उघडी होती. तिच्यातील पुष्कळ लोक निसटले. समोरच्या दिशेने दुसरी गाडी मात्र त्याच धुमसत्या स्थानकात येऊन जळत्या गाडीशेजारी उभी राहिली. वीज गेली, तिला हलता येईना, आणि चालक निघून जाताना गाडीची किल्ली काढून घेऊन गेल्याने दारे बंदच राहिली. १९२ मृतांपैकी बहुतेक या दुसऱ्या गाडीतील. तेव्हा फलाट सुरक्षित असतो ही समजूत त्या फलाटावर काय चालले आहे हे ठाऊक असल्यावरच खरी. एका डब्यातील बटणाची वर्दी केवळ त्या गाडीपुरती न राहता, मागच्यापुढच्या व समोरून येणाऱ्या गाड्यांना त्या स्थानकाच्या अलीकडे रोखण्यापर्यंत पोचली पाहिजे; आणि याही बाबतीत सर्व गाड्यांवर एकाच वेळी नजर ठेवणारी स्वयंचलित यंत्रणा एकाकी चालकापेक्षा श्रेष्ठ ठरू शकते, तिला तसे आधी शिकविले असेल तर.

यंत्र जेथे निश्चितपणे कमी पडते ती जागा निराळी आहे. कॅनडातील व्हँकूव्हरची स्कायट्रेन ही १९८० च्या दशकापासून चालकावाचून धावणारी, बऱ्यापैकी नावाजलेली रेल्वे. २०१४ च्या जुलैत अवघ्या चार दिवसांच्या अंतराने तिचा कारभार दोनदा कोलमडला आणि गाड्या उंच मार्गावर स्थानकांच्या मध्येच अडकून पडल्या. गाडीत कर्मचारी नव्हता, काय झाले आहे हे कळत नव्हते. अखेर लोकांनी दारे ताणून उघडली आणि ते रुळांवरून चालू लागले. रुळांवर माणसे आहेत म्हणून वीज बंद ठेवावी लागली, आणि वीज बंद म्हणून उरलेल्या गाड्या अधिकच रखडल्या. आपल्याकडे १९ ऑगस्ट २०२५ च्या मुसळधार पावसात, चेंबूरजवळ म्हैसूर कॉलनी व भक्ती पार्क यांच्या दरम्यान, मर्यादेपेक्षा अधिक भार झालेली मोनोरेल अधांतरी थांबली, आतला वारा बंद झाला, लोक गुदमरू लागले, आणि अग्निशमन दलाने शिड्या लावून ५८२ जणांची सुटका केली. भुयार असो वा खांबांवरचा मार्ग, माणूस कोंडला गेला की त्याला हवी असते एक ओळखीच्या भाषेतील वाणी: तुमची सूचना पोचली आहे, गाडी इतक्या मिनिटांत अमुक फलाटावर उभी राहील, दारे उघडू नका. ही वाणी पोचली नाही की तो आपला अर्ज फेटाळला गेला असे समजतो आणि स्वतःच हुकूम सोडतो. क्लॅपहॅमच्या काचा आणि व्हँकूव्हरची दारे फुटली ती या समजुतीने.

दिल्लीत मॅजेंटा मार्गावर २८ डिसेंबर २०२० पासून चालकरहित गाड्या धावत आहेत. मुंबई-पुण्याच्या मेट्रोत आज पुढच्या कक्षात माणूस असतो. पण नव्या गाड्या त्याच्यावाचून धावण्याच्या तयारीनेच बांधल्या गेल्या आहेत, आणि काटकसरीच्या नावाखाली तो केव्हातरी उतरविला जाणार, हे भाकीत करण्यास ज्योतिष नको. माझा त्यालाही विरोध नाही. होकुरिकूच्या चालकाचे शहाणपण नियमात उतरवून प्रत्येक गाडीत बसविता येत असेल, तर ते एखाद्याच्या अंगच्या धैर्यावर अवलंबून ठेवण्यापेक्षा निःसंशय चांगले. विरोध आहे तो गुपिताला. मार्ग खुला करण्यापूर्वी मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांसमोर बटणाची, दारांची, धूर काढणाऱ्या पंख्यांची सारी तपासणी होते. त्या तपासणीचा जो भाग उतारूच्या वर्तनाशी निगडित आहे, तो मराठीत, सामान्य माणसाला कळेल अशा शब्दांत, प्रसिद्ध करण्यास कोणती अडचण असावी? कोणत्या क्षणापर्यंत गाडी थांबते, त्यानंतर ती कोठे जाते, बटण दाबणाऱ्याला किती सेकंदांत उत्तर मिळालेच पाहिजे, आणि गर्दीच्या वेळी एकाच नियंत्रकाकडे एकाच वेळी तीन गाड्यांतून अर्ज आले तर त्यांचा क्रम कोण लावतो, एवढे चार खुलासे पुरे आहेत. शेवटचा प्रश्न सर्वांत नाजूक आहे, कारण चालक उतरविताना जे वेतन वाचते त्यातील काही अंश नियंत्रण कक्षात उत्तर देणाऱ्या माणसांवर खर्च केला जातो की नाही, हे त्यावरून कळेल.

आणि बटणाशेजारच्या पाटीविषयी. पाट्यांवर दुरुपयोगाबद्दलच्या शिक्षेचा धाक घालण्याची आपली रीत जुनी आहे, आणि दंड असावा यात वाद नाही. परंतु त्या चौकोनात जागा मोजकी असते, आणि ती दंडाच्या मजकुराने भरली की उपयोग कसा करावा हे सांगावयास उरत नाही. दंडाची ओळ खाली, बारीक अक्षरांत न्यावी. वर, डोळ्यांच्या उंचीवर, एवढे असावे की गाडी फलाटावर असेल तर ती थांबेल, फलाट सोडला असेल तर पुढच्या फलाटावर थांबेल, आणि तोवर या जाळीतून आमचा माणूस तुमच्याशी बोलत राहील. शेवटचे वाक्य लिहिण्यापूर्वी प्रशासनाने तो माणूस नेमलेला असावा.